पट्टी लावून ओढलेल्या सिगारेटी

उरणला कंटेनरच्या ट्रेलरवर मी वीस वर्षं ड्रायव्हर आहे. गाडी रांगेत उभी राहिली की सिगारेट, रांग सुटली की पुन्हा सिगारेट. खोकला हटेना, तेव्हा बायकोच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सिगारेट सुटावी म्हणून अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या लिहून दिल्या. रोज आंघोळीनंतर ती माझ्या दंडावर पट्टी चिकटवायची, तळवा दाबून धरायची. “आता न्हाय ना ओढणार?” मी मान हलवायचो.

चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी बंदराच्या गेटवर गाड्या तुंबल्या आणि मी एक पेटवली. मग रोजच. घरी जाताना बडीशेप चघळायची.

एका दुपारी यार्डातच मळमळायला लागलं, घाम फुटला, छाती धडधडू लागली. सोबतच्या ड्रायव्हरनं दवाखान्यात नेलं. बायको धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, “पट्टी असताना सिगारेट ओढलीत? निकोटिन जास्त झालं की असं होतं.”

ती शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “नाही.”

“मग पट्टी सोसत नसेल. तूर्त बंद करा.”

रिक्षात ती रडायला लागली. “मीच लावत होते. माझ्या हातानं.” मी बाहेर बघत बसलो.

तिचा थोरला भाऊही सिगारेट ओढायचा, त्याचा खोकला माझ्याहून वाईट. डॉक्टरांना विचारून तिनं त्यालाही पट्ट्या आणून दिल्या होत्या. घरी आल्या आल्या तिनं फोन लावला, “दादा, ते लावू नको. ह्यांचा जीव जाता जाता वाचला.” दुसऱ्या दिवशी तो पट्ट्यांचा खोका परत देऊन गेला. सुटका झाल्यासारखा दिसत होता.

पावसाळा गेला. त्याला आमच्या तीन पायऱ्या चढतानाही धाप लागायला लागली. एक दिवस तो भेटून घरी परतल्यावर, ती कोलंबी सोलत असताना, मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. हात धुतले, भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुमीच सांगा.”

सांगितलं. तो हसला. “जाऊ द्या भावजी. आता ह्या वयात कुठं सोडतो मी?”

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, खरं बोललो. या वेळी निकोटिनचं च्युइंगम दिलं. थोडं चावायचं, गालात धरून ठेवायचं. सात महिने झाले, सिगारेट नाही.

मेव्हणा अजून ओढतो. आमच्या ओटीवर बसून तो खोकायला लागला की बायको माझ्याकडे बघते. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो.