टांग्यात फिरवून आणलेली रायफल

श्री. दत्तोपंत केळशीकर यांची माझी ओळख भांडणातून झाली, हे त्यांच्या साठीच्या अंकात सांगायला हरकत नसावी. मी कल्याणला नवा लेथ टाकला होता. नौपाड्यातल्या त्यांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानासाठी स्क्रू करून दिले, तर दुसऱ्याच दिवशी अर्धे परत! "रामभाऊ, हे स्क्रू की खिळे?" चिडलो, पण पुन्हा करून दिले.

रायफलीवर दुर्बीण बसवायची म्हणजे स्क्रू करकचून पिळायचे, अशी माझी समजूत. दत्तोपंत आधी स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही काढत, मग समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत. "जोर दाखवायचा तर तालमीत जा, इथे दुर्बिणीची नळी चेपते," म्हणत. मैदानावर गोळ्या झाडून दुर्बीण जुळवली, की रायफल टांग्यातून माजिवड्याच्या खडबडीत रस्त्याने फिरवून आणत आणि पुन्हा झाडत. गोळ्या पहिल्या जागीच लागल्या, तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती.

एकदा इनामदारसाहेब घाईत आले. त्यांची दुर्बीण हलल्याने गोळी चुकून बिबट्या नुसता जखमी झाला होता, आणि डोंगराकडच्या पाड्यावरचे लोक शेतात जाईनात.

"दत्तोपंत, बिबट्या तुमच्या टांग्यासाठी थांबणार आहे का?"

"नाही थांबणार. पण पुन्हा चुकलात, तर पाड्यावरचं माणूस जाईल."

माझे स्क्रू लावून त्यांनी दुर्बीण बसवली, मैदानावर जुळवली आणि आम्ही टांग्यात बसलो; रायफल माझ्या मांडीवर होती. बारीक टिकटिक ऐकू आली. "काहीतरी हलतंय," मी म्हणालो. टांगेवाला लगेच ओरडला, "माझं चाक नव्हे हां, शेठ!"

मैदानावर परतून झाडले, तर गोळी वीतभर बाजूला. उघडून पाहिले. माझा एक स्क्रू केसभर लांब निघाला. तो भोकाच्या तळाला टेकून घट्ट वाटे, पण दुर्बिणीची बैठक खाली दाबलीच जात नव्हती. इनामदारांचा शब्द जिल्हाभर चाले.

दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "साहेब, बसवण्याआधी मी मापायला हवा होता. चूक माझी."

मी तिथेच स्क्रू घासला. पुन्हा जुळवणी, पुन्हा टांगा. या वेळी गोळ्या जागच्या जागी. नंतर मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "तुमच्या कानांमुळे सापडलं. आता डोळेही वापरा!"

दोन दिवसांनी इनामदार हसत आले. बिबट्या एकाच गोळीत पडला होता. दत्तोपंतांनी एवढेच विचारले, "पाड्यावरच्या बाया शेतात गेल्या?" गेल्या म्हटल्यावर चहा मागवला.

त्या दिवशी त्यांनी माझे नाव घेतले असते, तर माझा लेथ महिन्याभरात विकला गेला असता. आज तिथे सहा लेथ चालतात. त्यांवर पोट असलेल्या आम्हा सर्वांचे मागणे एकच: दत्तोपंतांना उदंड आयुष्य मिळो, आणि ते धडधाकट तब्येतीने, ताठ कण्याने जगता येवो.