एकाच डोळ्यावर लेझर

उरवड्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं लेझर मशिनवर लोखंडी पत्रे कापले. त्यामुळे पुण्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या डोळ्याला लेझर वापरू," तेव्हा मला ठिणग्या उडवत तुटणारा पत्राच दिसला.

डावा डोळा तरुणपणीच गेला होता, ग्राइंडरचा कण उडून. उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तो मी वर्षभर लपवला. एकदा चहा कपाबाहेर ओतला आणि बायकोनं पाहिलं.

"कवापास्नं हाय हे?" तिनं विचारलं. मी सांडलेला चहा पुसू लागलो. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मोतीबिंदू दगडासारखा कडक झालाय. भिंगाला धरून ठेवणारे बारीक धागेही एका बाजूनं सैल पडलेत. नुसत्या हातानं काढताना ओढ बसली तर भिंग डोळ्याच्या आत पडू शकतं. लेझरनं आधीच त्याचे तुकडे केले, तर ओढ कमी बसेल.

"आणि हाही गेला तर?"

त्या म्हणाल्या, "धोका आहे. पण थांबलात तर तो वाढतच जाईल."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी डोळा मिटून घरात चालून पाहिलं. ओट्यापासून मोरीपर्यंत भिंत चाचपत, पावलं मोजत. बायको दारातून बघत होती.

"ह्ये काय करताय?"

"सवय करून घेतोय."

ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मी तसाच भिंतीला हात लावून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मला लेझरखाली झोपवलं. थेंबांनी डोळा बधिर केला होता. त्यावर एक कडी बसली, दाब आला आणि सगळं राखाडी होत दिसेनासं झालं. "काका, हलू नका. मिनिटभरच." नेमका त्याच वेळी घसा खवखवू लागला. खोकलो तर संपलं, एवढंच डोक्यात. मी चादर मुठीत आवळून धरली.

मग तुकडे काढायला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं मशिनची घरघर चालू होती. मधेच ती थांबली. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "भिंग हलतंय. आधाराची रिंग द्या." गेला डोळा, असं मी धरूनच चाललो. त्यानंतर किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

सकाळी पट्टी काढली. समोर नुसतं पांढरं धुकं. त्यात हळूहळू एक हात दिसू लागला.

"किती बोटं?"

"तीन."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकोचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "आजून एकदा इचारा त्येंना."