लावलेले केस आणि न केलेलं शिबिर

माझे केस दोनदा गेले. पहिल्यांदा आपोआप, दुसऱ्यांदा डॉक्टरांकडून बसवून घेतल्यावर.

बसवून घ्यायला निमित्त झालं धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याचं. अंबरनाथच्या हॉलमध्ये फोटोग्राफर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मुलीचे वडील, जरा मध्ये या." मी अडतीस वर्षांचा, सुजाता सत्तावीसची. मी मध्ये गेलो (न जाऊन सांगतो कोणाला?), पण दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन बसलो. लग्नाला दोन महिने होते. तोवर डोकं भरून जाईल, असा माझा अंदाज.

सोबत सुजाता आली होती. डॉक्टर सिंधी, मराठी झकास बोलणारे. त्यांनी अर्धा तास समजावलं. सुजाताने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. मी त्यातला एकच शब्द ऐकला, 'येतील'.

डोकं मशीनने साफ करून, मागचा एकेक केस काढून पुढे लावला. दहा-बारा दिवसांत खपल्या गेल्या आणि कपाळाच्या वर चक्क खुंट उभे राहिले! मी बदलापूरभर आरशात बघत फिरलो. उभ्या रिक्षांचे आरसेसुद्धा सोडले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात डोकं धुतलं, तर तळहातावर काळी मिरपूड सांडल्यासारखे केस. दुसऱ्या दिवशी आणखी. उशीवर, टॉवेलवर, वरणात. मी ते एकेक उचलून बामच्या रिकाम्या डबीत भरायला लागलो.

"हे कशाला?" सुजाताने विचारलं.

"परत लावून घ्यायला."

"दादा, ते गळणारच होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं. थांब, वाचून दाखवते."

मला वाचलेलं ऐकायचं नव्हतं, भांडायचं होतं. आणि भांडणात आमच्या आईसारखं माणूस नाही. तिला घेऊन मी क्लिनिक गाठलं. तिने डबी टेबलावर आपटली.

"माझ्या पोराचं डोकं उजाड केलंत. आता लग्नात काय दाखवायचं?"

डॉक्टर शांत. "अम्मा, केस पडला, पण मूळ आत आहे. तीन-चार महिन्यांनी त्याच जागेतून नवीन येणार."

आईने डबीतल्या केसांकडे वाकून पाहिलं. तिचं माहेर खरवईचं, सगळं बालपण भाताच्या खाचरात गेलेलं. "म्हणजे लावणी झाल्यावर रोप पिवळं पडतं आणि मग मुळं धरतं, तसं?"

"अगदी तसंच."

झालं. आई जागच्या जागी वळून माझ्यासमोर उभी राहिली. "आणि तू डॉक्टरांना बोल लावतोस?" (मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो.) घरी येईपर्यंत रिक्षात तिने मला भातशेती शिकवली.

मागचे-पुढचे केस सारखे दिसावेत म्हणून मी उरलेलं डोकंही मशीनने साफ करून घेतलं. लग्नाला आठवडा उरला असताना नवऱ्यामुलाचे मामा विठ्ठलवाडीहून आमच्याकडे आले. दारातच त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"जय भीम. श्रामणेर शिबिर करून आलात वाटतं?"

आमच्यात पुष्कळ जण मुंडण करून, चीवर अंगावर घेऊन दहा दिवस भिक्खूंसारखे राहतात. मामांनी डोकं पाहून तसा अर्थ लावला. खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण तोवर माझ्याकडे बघून कोणी हात जोडले नव्हते. मी डोळे मिटले आणि मान किंचित हलवली.

"बहिणीच्या लग्नाआधी शिबिर," मामा पुन्हा हात जोडत म्हणाले. "हल्ली कोण करतं एवढं?"

सुजाता आत चहा गाळत होती. मामा गेल्यावर ती बाहेर आली. "दादा, त्यांना फोन करून खरं सांग."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. उलट सासरच्यांपैकी एकाने फोन करून ध्यानाबद्दल विचारलं, तेव्हा मी गंभीर आवाजात त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

लग्नात भंतेजींनी पंचशील दिलं. मीही सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हटलं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. विधी आटोपले आणि मामांनी माइक हातात घेतला.

"वधूच्या बंधूंनी नुकतंच शिबिर पूर्ण केलंय. त्यांनी आपला अनुभव सांगावा."

टाळ्या. समोरच खरे भंतेजी, मोठ्या उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. माइक माझ्या हातात आला आणि मी त्यावर टिचक्या मारत राहिलो.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली सुजाता उठली. तिने माइक माझ्या हातातून काढून घेतला.

"दादा शिबिराला गेला नव्हता. त्याने केस लावून घेतले होते, ते गळले."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. ती थांबली, हसू ओसरू दिलं.

"साखरपुड्यात फोटोग्राफर त्याला माझे वडील समजला, ते त्याला लागलं. मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबा गेले. शाळेत पालकसभेला हाच यायचा. बाई विचारायच्या, पालक कुठे आहेत? हा म्हणायचा, मीच. तेव्हा तर याच्या डोक्यावर भरपूर केस होते." मग ती मामांकडे वळली. "मामा, मला तुमच्या घरी खोटं सोबत घेऊन यायचं नव्हतं. राग आला असेल तर माझ्यावर काढा."

सासर मिळून तिला जेमतेम अर्धा तास झाला होता. मी तिचा हात धरून तिला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं, आणि त्या क्षणी भरल्या हॉलमध्ये तिच्याइतकं धीट दुसरं कोणी नव्हतं. मी तर नव्हतोच.

 मामा उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ माझ्याकडे आले. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली. ते माझ्या कानाशी वाकले.

"डॉक्टर कुठले?"

त्यांच्या मागे त्यांचे साडू, त्यांच्या मागे आणखी पाच जण.  जेवणाच्या हॉलमध्ये मी पाऊण तास बोललो. मूळ, रोप, लावणी, सगळं. तेही आईच्या शब्दांत.

बाहेर पाठवणीची गाडी आली. सगळे रडायला लागले. मी मात्र खुर्चीत वाकून बसलो होतो आणि सात जण मोबाइलच्या टॉर्चने माझी टाळू तपासत होते. तेवढ्यात आवाज आला, "दादा, डोकं वर कर. मी निघाले."

लग्नाच्या व्हिडिओत मी डोळे पुसताना दिसतो. बघणारे म्हणतात, भावाचं प्रेम. पण आता खरंच बोलायचं ठरवलंय म्हणून सांगतो, ते टॉर्चमुळे.