दादाचे पायमोजे

लोकांचं रक्त काढायचं काम मी सत्तावीस वर्षं केलं, आणि तेवढ्या काळात माणसांबद्दलचा माझा आदर हळूहळू संपत गेला.

शहरात, गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत आमची लॅब होती. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागायची. त्यातल्या निम्म्यांनी दोन दिवस आधीपासून गोड बंद केलेलं असायचं, का तर रिपोर्ट बरा यावा. दोन दिवस कारल्याचा रस, दोन दिवस पहाटेचं फिरणं, आणि सुई निघाली रे निघाली की समोरच्या हॉटेलात गरम इम्रती. मी काचेतून बघत बसायचो. एका कोपरात कापूस दाबून धरलेला आणि दुसऱ्या हातात प्लेट. पुढे मागच्या तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी आली आणि या मंडळींची पंचाईत झाली. "परवापासून साखरेला शिवलो नाय साहेब, तुमची मशीन बिघडली का?" असं मला विचारायचे. मशीनला काहीही झालेलं नसायचं.

शिवाय त्यांना या आजाराची लाज नव्हती, उलट मिजास होती. "आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर हाय" हे ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात मी लहानपणी "आमच्या दारात ट्रॅक्टर हाय" ऐकलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चीड यायची ती माझ्या थोरल्या भावाची.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशनच्या अलीकडे. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील बाजेवर बसून अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आठवणी सांगायचे आणि शेत दादा बघायचा. मी शहरात शिकायला राहिलो ते त्याच्या जिवावर. तो उन्हातान्हात अनवाणी राबायचा, बाजाराच्या दिवशी लासूरला चालत जायचा आणि चालत यायचा. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि झोप अशी की बैल हंबरले तरी जाग येऊ नये. अंगावर चिमूटभर चरबी नव्हती.

मग शिवाराला लागून कारखाने आले. नाल्याचं पाणी आधी पिवळट झालं, मग तपकिरी. विहिरीला वास यायला लागला, म्हशी हौदाला तोंड लावेनात. साहेब लोक यायचे, बाटल्या भरून न्यायचे आणि पाणी वापरायला योग्य आहे असा कागद पाठवायचे. म्हशीला जे कळत होतं ते त्यांच्या कागदाला कळत नव्हतं. शेवटी ती जमीनही कारखान्यांत गेली, आणि आलेल्या पैशातून दादानं शहरात, सातारा परिसर नावाच्या वस्तीत, घर बांधलं.

घर बांधलं आणि तो बसला. पंचेचाळीस वर्षं न बसलेला माणूस एकदा बसला की कसा बसतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी सोफ्यावर, दुपारी सोफ्यावर, संध्याकाळी गाडीत. कोपऱ्यावरच्या दुधाच्या पिशवीलाही गाडी. चालायला सांगितलं की म्हणायचा, "कुठं चालू? बायपासला धूळ, ट्रक, धूर. गावाकडं वावर व्हतं." हे खरंच होतं. त्या रस्त्याकडेला चालणारा माणूस तब्येत कमवायला निघालाय की जीव द्यायला, ते सांगता आलं नसतं. पण मला ती सबब वाटायची, आणि मी तसं तोंडावर म्हणायचो.

भाकरी तर घरातून हद्दपारच झाली. वहिनीचं म्हणणं, "पाव्हण्यापुढं भाकर वाढली तर म्हणतील, शहरात आले तरी गावंढळच राहिले." म्हणून दोन्ही वेळा तेल लावलेल्या पोळ्या, आणि जो पाहुणा येईल त्याच्यासोबत दादाचाही चहा. पाहुणे काही कमी नव्हते. तीन वर्षांत त्याचं पोट शर्टाच्या बाहेर आलं. चौथ्या वर्षी मीच त्याचं रक्त काढलं. आकडा सांगितला तर हा हसला. "आली का? येणारच की. आता आपल्याकडं सगळंच हाय म्हणल्यावर!"

डॉक्टरांनी त्याला काय लिहून दिलं? ज्वारी खा आणि चाला. चाळीस वर्षं जे फुकटात चाललं होतं ते आता औषधाच्या कागदावर आलं. दादानं ज्वारी आणलीही, पण मॉलमधून, चकचकीत पिशवीतलं पीठ. त्यासोबत मधुमेहींसाठी म्हणून खास बिस्किटं. ती 'खास' आहेत म्हणून एका वेळी आठ खायचा.

ते डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, "लहानपणी उपाशी राहिलेलं शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकतं. पुढं भरपूर मिळायला लागलं की त्याला ते झेपत नाही. तुमच्या भावाला नुसता दोष देऊ नका." बहात्तरच्या दुष्काळात दादा बारा वर्षांचा होता. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा आणि तिथं वाटलं जाणारं सुकडीचं गोड पीठ खायचा. मी तेव्हा पाळण्यात होतो. आपल्या वाट्याची थोडी सुकडी तो पाण्यात कालवून मला भरवायचा, असं आई सांगायची. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी मनात म्हणालो, चला, खादाडपणाला आता शास्त्राचाही आधार मिळाला.

साखर निघाली त्याच वर्षी दादानं नवरात्र धरलं. कर्णपुऱ्याच्या देवीला रोज अनवाणी जायचं आणि नऊ दिवस उपास. आमच्याकडचा उपास म्हणजे उपाशी राहणं, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा वहिनीच्या स्वयंपाकघरात डोकवावं. साबुदाण्याची खिचडी, वर साखर घातलेलं दही, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याची चिक्की. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दादानं गोळ्या बंद केल्या. मी विचारलं तर मलाच समजावून सांगायला लागला, "गोळी जेवण झाल्यावर घ्यायची, असं लिवलंय ना? मग? जेवणच नाय तर गोळी कशापायी?" आणि हे एकटा दादा करत होता असंही नाही. नवरात्र उठलं की आमच्या लॅबमध्ये असे उपासकरी रांगेनं यायचे, आणि त्यांचे आकडे बघून मला दरवर्षी हसू फुटायचं.

बाकीचे लोक पहाटे गारव्यात जाऊन यायचे. दादाला उठायलाच नऊ वाजायचे, म्हणून तो भर दुपारी निघायचा. ऑक्टोबरचं आमचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको.

पाचव्या माळेला मी संध्याकाळी त्याच्याकडे आरतीला गेलो. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती आणि दादा मधोमध पाटावर बसून सांगत होता. "डांबर असं तापलंय की बाया उड्या मारीत चालत्यात. पोरं रडत्यात. अन् मला? मला काय बी नाय. गार फरशीवरून चालल्यावानी. पयल्या दिशी जरा वाटलं, मग मी आपलं मुद्दामच दुपारचं जायला लागलो. ही देवीची किरपा नाय तर काय?"

वहिनीचे डोळे भरून आले. शेजारच्या एका बाईनं चक्क वाकून त्याच्या पायाला हात लावला, मग दुसरीनं. दादा डोळे मिटून बसला होता.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "देवीची कसली किरपा? शुगरनं पाय मेलेत तुझे. उद्या खिळा घुसला तरी कळायचं नाय तुला. बायांनो, पाया पडायचंच असंल तर त्या साबुदाण्याच्या पडा." आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं, "शिकलेल्याला देव दिसत नाय." दादानं डोळे उघडले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय हळूच धोतरात ओढून घेतले.

मी बोललो त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. जास्त साखरेनं पायाची जाणीव जाते, भाजलेलं कळत नाही, हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं. तळवा उलटा करून बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. मी बघितला नाही. चारचौघांत मी बरोबर ठरलो होतो आणि मला तेवढं पुरलं. राजगिऱ्याचा लाडू उचलला आणि घरी आलो.

दसरा झाला. दोन-तीन दिवसांनी दादा सकाळीच लॅबमध्ये आला. बोलावलेलं नव्हतं, तरी आला. पायात काळे मोजे आणि बूट. जन्मात कधी बूट न घातलेला माणूस! मी म्हणालो, "आज मोजे? साहेब झाला की काय?" तो नुसता हसला. मी रक्त काढलं. आकडा इतका वर होता की मी त्याला रांगेतल्या लोकांसमोर फैलावर घेतलं. साबुदाणा काढला, चिक्की काढली, सोफा काढला, गोळ्यांचा तो दिव्य हिशेब काढला. लोक गालातल्या गालात हसत होते. दादा मान हलवत ऐकत होता, पाय बाकाखाली घेऊन. त्याच्या पायापासून मी हातभर अंतरावर बसलो होतो.

निघताना दाराशी थांबला. म्हणाला, "जरा एक..." मी पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होतो. "काय?" मी विचारलं. "नाय. काय नाय. काम कर तू."

दिवाळीच्या आधी दोन दिवस वहिनीचा फोन आला. खोलीत वास येतोय, म्हणाली, आधी वाटलं उंदीर मेला असंल. मग तिनं दादाचा मोजा ओढून काढला तर तळव्याची कातडी त्याच्याबरोबर निघून आली. दोन बोटं काळी पडली होती. दादाला दुखत मात्र काहीच नव्हतं.

दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कापणारे डॉक्टर म्हणाले, "दसऱ्याच्या सुमारास आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं. आणि घरात तुम्ही लॅबवाले!" एरवी हे वाक्य मी दुसऱ्या कोणाला तरी म्हणालो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या खाटेशी बसलो होतो. चादर एका बाजूला पायापर्यंत होती आणि दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट झाली होती. मला त्याची दया यायला हवी होती. मला संताप आला. म्हणालो, "अरे, सांगायला काय झालं होतं तुला? सख्खा भाऊ रोज हेच काम करतो. पाय सडेस्तोवर मोज्यात घालून बसलास? अडाणी ते अडाणीच!"

दादा वरच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "दसऱ्याच्या दुसऱ्याच दिशी फोड दिसला व्हता. मोठा व्हता, फुटलेला. त्या दिशी तुझ्याकडं आलो ना, ते दाखवायलाच आलो व्हतो."

"मग दाखवला का नाय?"

"तू हसला असता."

सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर किती माणसं खोटं बोलली असतील, त्याला गणती नाही. दादा खोटं बोलत नव्हता. मी हसलोच असतो.