लुसीच्या सणाला अपोलोनिया

माझी मावशी चर्चची सगळी आवराआवर एकटीने करायची. मिस्साच्या उपासनेसाठी फादरचे झगे काढून ठेवणं, मेणबत्त्या, फुलं, वेदीवरची चादर, झालंच तर फादरना वेळेवर जागं करणं. चौदा किल्ल्यांचा जुडगा कायम तिच्या कमरेला आणि वर्षभराचे संत तिच्या तोंडी. कोणत्या तारखेला कोणाला जाळलं, कोणाला बुडवलं, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची, आणि तेही जणू मागच्या गल्लीत घडलंय अशा सुरात. "अपोलोनियाचे सगळे दात पाडले मेल्यांनी, पण तिने हूं की चूं केलं नाही. आणि तू एका दाढेसाठी घर डोक्यावर घेतेस!"

अपोलोनिया दातदुखीची संत, लुसी डोळ्यांची. दोघी हुतात्मा, आणि आमच्या चर्चमधले दोघींचे हातभर उंचीचे पुतळे एकाच साच्यातले. लुसीची शाल लाल, अपोलोनियाची हिरवी. लुसीच्या हातात पितळी ताटली आणि तीत दोन डोळे, अपोलोनियाच्या हातात दात धरलेला चिमटा. नावं पायाशी रंगवलेली. लुसी डाव्या कोनाड्यात, अपोलोनिया उजव्या.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण तिने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. तिच्या आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्याला गोड बोलून घरी बसवलं होतं. नंतर तो रोज शेवटच्या बाकावर रिकामे हात मांडीवर ठेवून बसे. किल्ल्या गेल्या की आपणही त्याच बाकावर, या धास्तीने मावशी गप्प होती.

लुसीच्या सणाआधी भिंतींना रंग दिला. मावशीने ताटली, चिमटा आणि बाकीच्या पितळी वस्तू घासायला काढून घेतल्या होत्या. रंगाऱ्याने पुतळे हलवले आणि परत ठेवताना अदलाबदल केली. सणाच्या सकाळी मावशीने नेहमीप्रमाणे डावा पुतळा उचलला, वेदीपाशी मांडला, हातात डोळ्यांची ताटली दिली आणि चिमटा उजव्या कोनाड्यातल्या बाईच्या हाती अडकवला.

मिस्साआधी लुसीच्या दर्शनाला ही मोठी रांग लागली. पण सगळे डोळ्यांचे रोगी, त्यांना काय दिसणार कप्पाळ! माझे डोळे धड, तर मी पुढच्या बाईचे कानातले बघण्यात गुंग.

मिस्सा संपता संपता उजव्या कोपऱ्यातून ओरडा आला. तिथे गालाला रुमाल बांधून आमचा सुतार उभा होता. दाढ ठणकत होती म्हणून तो रांगेच्या फंदात न पडता थेट चिमट्यापाशी गेला होता.

"फादर, इथे खाली लुसी लिहिलंय! मग मी इतका वेळ रडलो कोणापुढे?"

सगळ्यांच्या माना वेदीकडे वळल्या. पायाशी बोटभर अक्षरांत अपोलोनिया! चर्चमध्ये हसू नये म्हणून लोक खोकायला लागले.

"रंगाऱ्याचा गाढवपणा," कोणीतरी म्हणालं. नवे, तरुण फादरही म्हणाले, "बरोबर. त्यानेच घोळ घातलाय." रंगारी बायकोशेजारी मान खाली घालून बसला होता.

मावशीला गप्प राहता आलं असतं. ती उभी राहिली.

"त्याला बोलू नका. त्याने जागा बदलली, पण पुतळा मी उचलला. शाल लाल की हिरवी, मला दिसली नाही. दोन वर्षं झाली, मला धड दिसत नाही."

तिने जुडगा सोडून वेदीच्या पायरीवर ठेवला आणि चाचपडत जाऊन शेवटच्या बाकावर बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर रविवारी मी तिच्या हातचं जेवत होते, आणि माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

फादर जुडगा घेऊन तिच्यापाशी आले. "मावशी, माझा हा झगा कोणी काढून ठेवला?"

"मी."

"हुतात्म्यांचा लाल झगा. बरोबर आहे. कसा ओळखलात?"

"मानेपाशी शिवण उसवलीय, ती हाताला लागते. म्हणूनच शिवली नाही."

फादरनी मान चाचपली. त्यांना हसू आवरेना. जुडगा तिच्या मांडीवर ठेवत ते म्हणाले, "उद्या नऊला डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येतो. किल्ल्या तुमच्याकडेच राहतील."

मावशी रडली. दोन वर्षांचं सगळं रडली. "फार भीती वाटत होती हो, फादर." मग नाक पुसून म्हणाली, "नऊला जमणार नाही. आवरायला साडेनऊ होतात."

किल्ल्या कमरेला अडकवून ती वेदीपाशी गेली आणि पुतळ्याला हात लावण्याआधी थांबली.

"इकडे ये गं," तिने मला हाक मारली. "खाली काय लिहिलंय, मोठ्याने वाच."