तोमिए-सानचा अबोला

तोमिए-सानला राग आला की तिच्या दुकानातल्या माशाच्या वड्या करपतात, हे मिनाहामा बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी मे महिन्यात अख्ख्या बाजारपेठेने करपलेल्या वड्या खाल्ल्या आणि कोणी चकार शब्द काढला नाही. दोष कढईचा नव्हता, कुझुहाराचा होता.

कुझुहारा हा आमच्या तोबिउओ या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक. तोबिउओ म्हणजे उडणारा मासा. नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, पण आमचा मासा कित्येक वर्षं तळाच्या चिखलातच पडून होता. सहा संघांत सहावा. पोरं शाळेत सहावा नंबर आला की 'तोबिउओ आला' म्हणायची.

तरीही सामना असला की तोमिए-सान दुकान नवऱ्यावर टाकून मैदानावर हजर. उजव्या बाजूला, कुंपणामागच्या स्वस्त बाकांवर आमच्या पाठीराख्यांची फौज उभी असते आणि त्या फौजेची म्होरकी ती. लग्नाआधीपासून तिथे ट्रम्पेट फुंकते आहे. आमच्याकडे प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं. तो बॅट घेऊन उभा राहिला की ट्रम्पेट, ढोल आणि शेकडो गळे ते गाणं धरतात आणि त्याचा निकाल लागेपर्यंत सोडत नाहीत. चाली तोमिए-सान बांधते, बहुतेक वेळा कढईपाशीच. त्यातली सर्वांत झोकदार चाल निशिगाकीची. निशिगाकी आमच्या गावचा, मासळीबाजारात बर्फ फोडणाऱ्याचा मुलगा. त्याचं गाणं सुरू झालं की म्हातारी माणसंसुद्धा उड्या मारायची.

त्या निशिगाकीला कुझुहाराने दुय्यम संघात पाठवलं. चाळिशीला टेकलाय, म्हणे. त्याच्या जागी अमेरिकेच्या कुठल्याशा गव्हाच्या मुलखातून टॅगर्ट नावाचा गडी आणला. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा देह, आणि बॅट फिरवली की वारा सुटायचा. चेंडू मात्र मागे झेलणाऱ्याच्या हातात सुखरूप पोचायचा.

"पंखाच हवा होता तर बाजारातनं आणायचा की!" तोमिए-सान झारा आपटत म्हणाली. "विजेवर तरी चालला असता. हा तर भातावर चालतो."

"अहो, हळू. पोलिसचौकी समोर आहे," केंगो, तिचा नवरा, पीठ मळता मळता म्हणाला. तो सबंध संसारात एवढंच म्हणत आलेला माणूस.

दुकानात मोरिवाकी बसला होता. पूर्वी फेरीबोटीवर होता, आता आमचा ढोल वाजवतो. करपलेली वडी तो निष्ठेने चावत होता. "तोमिए-सान, परवा तर तो तीनदा उभा राहिला आणि तीनदा हात हलवत परत गेला. आणि आपण छाती फुटेस्तोवर वाजवतोय. कशासाठी?"

"मी त्याला स्वतंत्र चाल दिलेली नाहीये. आपण सगळ्यांची जुनीच वाजवतो."

"तीसुद्धा का?"

आता खरी गोम अशी, की आमच्या फौजेचा एक नियम आहे: आपल्या खेळाडूला शिवी द्यायची नाही. हुर्यो करायची नाही. परदेशात म्हणे लोक आपल्याच माणसाच्या नावाने बोंब मारतात. आमच्याकडे तसं करणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून बाकावर जागा मिळत नाही. मग प्रशिक्षकाची निवड चुकली तर माणसाने राग काढायचा कुठे? वड्यांवर किती काढणार?

तोमिए-सानने झारा खाली ठेवला. "शिवी द्यायची नाही ना? नाही देत. आपण अबोला धरायचा. टॅगर्ट उभा राहिला की ट्रम्पेट खाली, ढोल खाली, तोंड बंद. कुझुहाराला कळू दे, की हा माणूस आमचा नाही."

मोरिवाकीचा घास हातातच राहिला. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आपलं गाणं बंद झालं म्हणून हॉटेलात जाऊन रडलेले खेळाडू मोरिवाकीला माहीत होते.

पुढच्या सामन्यात ठरल्याप्रमाणे झालं. टॅगर्ट आला आणि उजवे बाक एकदम गार पडले. सबंध मैदानाने माना वळवल्या. इतकी शांतता, की पाठीमागच्या गोदीतल्या क्रेनची करकर ऐकू यायला लागली. तोमिए-सान हाताची घडी घालून उभी होती आणि मनात म्हणत होती, घे, भोग.

टॅगर्टने पहिला चेंडू सोडला. दुसऱ्याला फटका मारला. कडाक् असा आवाज झाला आणि चेंडू तोमिए-सानच्या डोक्यावरून, बाकांवरून, धावफलकावरून बाहेर रस्त्यावर गेला.

फौज उघड्या तोंडाने बघत राहिली. ओरडावं की नाही हे कोणालाच कळेना. मोरिवाकीच्या काठ्या आपोआप वर गेल्या, तोमिए-सानने डोळे वटारले, काठ्या खाली आल्या.

"योगायोग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक धाडला. आठवडाभरात तोबिउओने जे सामने जिंकले ते सगळे टॅगर्टच्या बॅटवर, आणि जितका तो मारी तितका तोमिए-सानचा जळफळाट वाढे. शिक्षा द्यावी आणि गुन्हेगाराचं वजन वाढावं, असला प्रकार! वर त्याची कमाल म्हणजे, शनिवारी होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, मारून झाल्यावर तो आपल्या जागेवर क्षेत्ररक्षणाला आला. ती जागा आमच्या बाकांच्या अगदी पुढ्यात. त्याने टोपी काढली, फौजेकडे तोंड केलं आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. वाकणं जरा जास्तच झालं, नवीन माणसाचं होतं तसं.

"टोमणा मारतोय!" तोमिए-सान कडाडली.

"मला नाही तसं वाटत," मोरिवाकी म्हणाला. "टोमणा मारणारा इतका खाली वाकत नाही. कंबर धरेल."

सोमवारी सामना नसतो. त्या दिवशी दुपारी दुकानाच्या दारात निशिगाकी उभा राहिला. तोमिए-सानचे हात पिठात होते. त्याला पाहून तिला भरूनच आलं.

"ये रे, बैस. वाळलास किती! खायला घालतात की नाही तिकडं?"

"घालतात, नेसान." निशिगाकी लहानपणापासून तिला थोरली बहीण म्हणूनच हाक मारायचा. त्याने बाकावर बसून वडी तोंडात टाकली, क्षणभर चेहरा वाकडा केला आणि गिळली. "नेसान, माझ्यासाठी वड्या करपवू नका. गिऱ्हाईक जाईल."

"तुझी जागा खाल्ली त्यानं आणि तू थट्टा करतोयस?"

"आम्ही सकाळी एकाच मैदानावर सराव करतो. त्यानं दुभाष्याला घेऊन मला गाठलं. विचारत होता, उजव्या बाकांवरच्या त्या बाईंचे आभार कसे मानू? मीच सांगितलं, वाक म्हणून."

"आभार? कसले?"

"त्याच्या गावाकडं म्हणे चेंडू यायच्या वेळी मैदान श्वास धरतं. चेंडू पिचरच्या बोटांतनं सुटताना बारीक आवाज होतो, तो ऐकूनच तो लहानपणापासून खेळलाय. इथं आल्यापासून ढोल आणि ट्रम्पेटमध्ये त्याला काही ऐकूच येईना. लाज वाटून कोणाला सांगितलं नाही. मग एक दिवस तुम्ही सगळे गप्प झालात." निशिगाकी हसू दाबत होता. "त्याला वाटतं, तुम्हाला त्याच्या मनातलं आपोआप कळलं. बायकोला फोन करून सांगितलंय त्यानं. म्हणाला, इतकी समजूतदार माणसं आपल्या गावातसुद्धा नाहीत."

केंगोला आतल्या खोलीत ठसका लागला. हसल्याचा होता की पिठाचा, देव जाणे.

तोमिए-सानचं तोंड शरमेने लाल झालं. ज्याला वाळीत टाकायला निघालो, तो पाया पडतोय. हे तिच्या काळजाला लागलं. ती पीठ थापू लागली. "आणि तू?" ती म्हणाली. "तुला राग नाही येत?"

"येतो की. रोज सकाळी येतो. पण नेसान, मला आता चेंडू उशिरा दिसतो. कुझुहारा-सानना ते दिसलं, तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही माझ्या आहात." तो उठला. "त्याला शांतता लागते, मला तुमचं गाणं लागतं. कधी बोलावणं आलं तर वाजवा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळच्या वड्या सोनेरी निघाल्या. गिऱ्हाइकं घाबरली.

त्यानंतर फौज गप्प बसायची ती मनापासून. पण गप्प बसणं सोपं नसतं, राजा! रागाने गप्प बसता येतं. प्रेमाने गप्प बसायचं म्हणजे जीव कासावीस. छातीत चाली उसळतायत आणि ओठ मिटलेले. कुझुहाराबद्दलची तक्रार मात्र तिने सोडली नव्हती. टॅगर्टच्या बाबतीत तो बरोबर निघाला, हे तिने केंगोपाशीसुद्धा कबूल केलं नाही.

आणि मासा वर येऊ लागला. पाचवा. चौथा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गणित असं होतं, की हा एक सामना जिंकला तर आम्ही तिसरे, म्हणजे पुढच्या फेरीत. हरलो तर घरी. गावातल्या अर्ध्या माणसांनी पुढची फेरी जन्मात पाहिली नव्हती.

मैदान फुटेल इतकी गर्दी. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक प्लास्टिकच्या बॅटा बडवत बसले होते. प्रतिस्पर्धी राजधानीचा श्रीमंत संघ. आठव्या डावात आमचा पिचर दमलेला दिसत होता. तोमिए-सान बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "बदल त्याला! कुझुहारा, झोपलास काय!" कुझुहाराने बदलला, पण मार पडल्यावर. एका धावेने मागे पडलो.

शेवटचा, नववा डाव. दोन गडी बाद. तिसरा बाद झाला की संपलं. आणि कुझुहाराने राखीव बाकाकडे बोट केलं. त्याच आठवड्यात दुय्यम संघातून परत बोलावलेला निशिगाकी उठला.

तोमिए-सानने ट्रम्पेट ओठाला लावलं तेव्हा तिला समोरचं धूसर दिसत होतं. पण सूर कुठे हलला नाही. ते गाणं सबंध मैदानाने उचललं; जे शब्द विसरले होते त्यांनी नुसता आवाज लावला. निशिगाकीने चेंडू उशिराच पाहिला असणार, कारण फटका बॅटच्या टोकाला लागून वेडावाकडा डावीकडे गेला. पण दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला! निशिगाकी धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला.

आता टॅगर्ट.

उजवे बाक शांत झाले. बाकीचं मैदान कशाला होईल? त्यांना काय माहीत? प्लास्टिकच्या बॅटांचा खडखडाट आभाळाला भिडला. टॅगर्ट खेळायला उभा राहिला, पहिल्याला चुकला, दुसऱ्याला चुकला. आता एक चुकला की खेळ खलास. तो रेषेबाहेर आला आणि त्याने उजव्या बाकांकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तोमिए-सानला लांबूनही कळलं.

ती ढोलाच्या चौथऱ्यावर चढली. आयुष्यभर त्या चौथऱ्यावरून तिने लोकांना ओरडायला लावलं होतं. तिने ट्रम्पेट पायाशी ठेवलं, गुडघे मोडून बसली, हात मांडीवर घेतले आणि सबंध मैदानापुढे मान झुकवली. शेजारी मोरिवाकीने काठ्या ठेवल्या आणि तोही बसला. मागे फौज बसली, ओळीमागून ओळ. पलीकडच्या बाकांवरचे लोक एकमेकांना विचारू लागले, काय झालं? कोणाला काही झालं का? आणि एकेक करून प्लास्टिकच्या बॅटा खाली आल्या. पाठीमागून कोणाची तरी अजून वाजत होती, तिला कोणीतरी "ए, गप!" म्हणून झापलं. मग काहीच नाही. समुद्राची गाज ऐकू आली.

पिचरच्या बोटांतून चेंडू सुटला.

तो कडाक् आवाज गोदीपर्यंत गेला असं नंतर लोक सांगत. चेंडू उजवीकडे उंच चढला आणि खाली यायचं नावच घेईना. तोमिए-सान उठून उभी राहिली, ट्रम्पेट उचललं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या माणसासाठी आपण चालच बांधलेली नाही. मग तिने एकच सूर धरला. लांबच लांब, भरलेला, सरळ सूर. पुढे निशिगाकी धावतोय, मागे टॅगर्ट, आणि तो सूर तुटत नाही. मोरिवाकी ढोल बडवत रडत होता. निशिगाकी घरच्या बेसला पोचला तरी सूर चालू. टॅगर्टचा अवाढव्य पाय त्याच बेसवर पडला तेव्हाच तिचा श्वास संपला.

दोन धावा! तिसरे! उडणारा मासा तिसरा! अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. केंगो दुकानाला कुलूप घालून शेवटच्या डावाला येऊन उभा होता, हे कळायलासुद्धा तिला वेळ लागला.

जल्लोष जरा ओसरल्यावर खेळाडू उजव्या बाकांपुढे रांगेत आले. टॅगर्ट आधी वाकला. त्याच्या शेजारी कुझुहारा होता, टोपी हातात, चेहरा नेहमीसारखा आंबट. तोमिए-सान त्याच्याकडे बघत राहिली. मग ती कुंपणाशी गेली आणि त्याच्यापुढे कमरेतून वाकली, इतकी की तिच्या डोक्यावरची टोपी खाली पडली. कुझुहाराच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

ती सरळ झाली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "पण आठव्या डावात पिचर बदलायला एवढा उशीर का केलास रे!"