दिनकरचा तिसरा अंक

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव वाचताना मी त्यांची साधी कारणं शोधत बसतो. तरी लिहितोय... कारण वय एक्क्याऐंशी झालं, आणि एका माणसाचं श्रेय चाळीसहून जास्त वर्षं माझ्याकडे पडून आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी क्लार्क होतो. बाकी एकच नाद — नव्या लेखकाचं नाटक वाचायचं आणि योग्य अशा हौशी मंडळाशी त्याची गाठ घालून द्यायची. त्यापायी नाटकवाले मला 'सर' म्हणत.

दिनकर निपाणीचा. आईनं तंबाखूच्या वखारीत राबून त्याला मॅट्रिक केलेलं. त्याचं नाटकही तिच्यावरच, एकुलती एक हस्तलिखित प्रत. निपाणी स्टँडवर चहा पिताना मी तिसरा अंक वाचला आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, "दिनकर, यातला एक शब्दही बदलू नकोस."

बेळगावजवळच्या बेळगुंदी गावचं मंडळ तयार झालं. तेव्हा झेरॉक्स कुठलं? प्रतीची शिवण सोडवून अंक वाटून घ्यायचे आणि नकला, म्हणजे ज्या त्या नटाची वाक्यं, हातानं उतरवायच्या. दोन अंक गावातल्या दोघांना दिले, तिसरा मी घेतला. सायकलच्या कॅरियरला बांधला. घरी पोचलो तर दोरी होती, कागद नव्हते.

दोन दिवस तो रस्ता पालथा घातला. मग खरं सांगायचं सोडून मी दिनकरला कार्ड टाकलं — "मंडळाला तिसरा अंक पसंत नाही. पुन्हा लिहून पाठव."

उत्तर आलं नाही. महिना गेला.

एका रविवारी दुपारी शाळेत तालीम चालली होती. दुसरा अंक संपला. तिसरा दुरुस्तीसाठी लेखकाकडे परत गेलाय, ही थाप मारायला मी उठलो. पण आईचं काम करणारा भैरूआप्पा थांबलाच नाही. भैरूआप्पा शेतकरी, भरघोस मिशांचा, निरक्षर. कुणीतरी म्हणून दाखवायचं आणि त्यानं पाठ करायचं.

"माझ्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून तू जेवला न्हाईस. आता मी वाढत न्हाई, लेकरा. तुझ्या हातानं घे."

निपाणी स्टँडवर वाचलेले तेच शब्द. मुलाची वाक्यंही तोच म्हणत गेला... शेवटपर्यंत.

"आप्पा, हे कुणी सांगितलं?"

"तुमीच माणूस पाठवलासा न्हवं? चार दिस झालं. मी रताळी काढत हुतो. सरांनी पाठवलंय म्हणाला, बांधावर बसून समदं तोंडपाठ म्हणून दावलं. तीनदा म्हणाय लावलं मी."

"आप्पाला बायकोनं सांगितलेलं ऱ्हात न्हाय, ह्ये बरं ऱ्हायलं," कोणीतरी म्हणालं.

दिसायला कसा होता, मी विचारलं. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

दिनकरच! जीव भांड्यात पडला. मंडळानं माझे आभार मानले आणि मी ते घेतले. आप्पाच्या तोंडून अंक उतरवला आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला निपाणीला गेलो.

दारात त्याची थोरली बहीण, आक्का. काविळीनं दिनकर गेला त्याला तीन आठवडे झाले होते.

माझं कार्ड फळीवर होतं. आक्का म्हणाली, "कार्ड वाचून हसला. म्हणाला, सरांच्या हातनं कागद हरवल्यात बघ. त्यो अंक वाईट म्हणणारा माणूस न्हवं त्यो. बरा झालो की जाऊन तोंडी सांगून येतो."

अंक दुसऱ्या कुणाला पाठ होता का, मी विचारलं. तिलासुद्धा त्यानं ऐकवला नव्हता. बेळगुंदीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसली, तेव्हाही नाही. फलकावर दिनकरचं नाव होतं; पण सरांनी माणूस धाडून नाटक वाचवलं, असंच गाव म्हणत राहिलं. मी कुणालाही पाठवलं नव्हतं.

आप्पा चुकीचा दिवस सांगत असेल? चार दिवसांचे तीन आठवडे कसे होतील... मला उलगडलेलं नाही. एवढंच कळतं, की मी ज्याचा अंक हरवला आणि वर वाईट ठरवला, त्यानं चारचौघांत माझी लाज राखली. नंतर कुणाही नव्या लेखकाची प्रत मी आधी स्वतः पूर्ण उतरवून घेतली, मगच तिची शिवण सोडवली.

गेल्या आठवड्यात निपाणीला जाऊन हे सगळं आधी आक्काला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "सांगून येतो म्हणालता... आला म्हणायचा सांगून."